शेवटच्या वर्षांचे पैसे कशाचे असतात?

अमेरिकेतला बेसबॉलचा मोसम ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत संपतो आणि लगेच करारांचा मोसम सुरू होतो. कोणता नामवंत खेळाडू संघाच्या बंधनातून मोकळा झाला, त्याच्यामागे कोण लागले आहे आणि मुख्य म्हणजे त्याला किती वर्षे हवी आहेत, यावर सगळी थंडी चाहत्यांमध्ये चर्चा चालते. रकमेपेक्षा वर्षांवरच वाद जास्त होतो. तिशी ओलांडलेल्या फलंदाजाला आठ, नऊ किंवा दहा वर्षांसाठी बांधून घ्यायचे, तेही पूर्ण हमी देऊन, म्हणजे तो उद्या जायबंदी झाला, त्याची बॅट थंडावली किंवा त्याला संघातून काढून टाकले तरी ठरलेली पै न पै चुकती करायची, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अव्यवहारी वाटते. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाच्या खर्चाला वरून मर्यादा असते आणि दर काही वर्षांनी मोठा लिलाव होऊन बहुतेक संघ नव्याने बांधले जातात. बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये खर्चाला तशी सक्त मर्यादा नाही आणि करार खेळाडूच्या उरलेल्या कारकिर्दीएवढा लांब असू शकतो.

मी सेंट लुईसमध्ये राहते आणि कार्डिनल्स हा माझा संघ आहे. या गावात दीर्घ कराराचा विषय निघाला की कोणाचेही नाव चर्चेत असो, बोलणे शेवटी अल्बर्ट पुहोल्सवर येते. त्याच्याविषयी मी इतकी वर्षे ऐकत आणि वाचत आले आहे की माझे मत आता पक्के झाले आहे. असा करार तोलताना त्याची शेवटची चार-पाच वर्षे वाईट जाणार हे गृहीत धरूनच चालावे. ती वाईट जातील का, या प्रश्नात वेळ घालवण्यात अर्थ नाही. पहिल्या तीन-चार वर्षांत संघ अजिंक्यपदाच्या टप्प्यात आहे का, आणि या एका करारापायी बाकीच्या संघासाठी हात आखडता घ्यावा लागणार आहे का, हे विचारायचे खरे प्रश्न आहेत.

पुहोल्स २००१ साली कार्डिनल्सकडून खेळू लागला तेव्हा त्या मोसमाचा त्याचा पगार होता २ लाख डॉलर, म्हणजे नवख्याला मिळणारी किमान रक्कम. पुढच्या अकरा वर्षांत त्याने .३२८ च्या सरासरीने (दर हजार प्रयत्नांत ३२८ हिट, म्हणजे यशस्वी फटके) ४४५ होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारे फटके, मारले, तीन वेळा नॅशनल लीगचा (मेजर लीगचे नॅशनल आणि अमेरिकन असे दोन भाग आहेत, कार्डिनल्स नॅशनलमध्ये) सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २००६ व २०११ अशी दोन अजिंक्यपदे या गावाला मिळवून दिली. २०११ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेतल्या, तिसऱ्या सामन्यात त्याने एकट्याने तीन होमरन मारले. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच डिसेंबरमध्ये बातमी आली की तो लॉस एंजेलिस एंजल्सकडे दहा वर्षांसाठी, २४ कोटी डॉलरवर जात आहे. जानेवारीत तो बत्तीस वर्षांचा होणार होता. गाव हळहळले, काही जण संतापलेही. पण ज्यांना आकडे कळत होते त्यांनी तेव्हाच हिशेब मांडला होता की हा करार संपेल तेव्हा हा माणूस एकेचाळीस वर्षांचा असेल.

पुढे जे झाले ते बेसबॉल पाहणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. एंजल्सकडे त्याची सरासरी .२५६ वर घसरली. त्याने त्यांच्यासाठी २२२ होमरन मारले, म्हणजे बॅटमधली ताकद पूर्ण गेली नव्हती, पण पूर्वी जो चेंडू तो हेरून सोडून द्यायचा त्यावर आता बॅट फिरवू लागला आणि पळणे तर जवळजवळ बंदच झाले. खेळाडूने सामान्य बदली खेळाडूपेक्षा संघाला किती विजय जास्त दिले हे मोजणारा वॉर नावाचा आकडा आहे. कार्डिनल्सकडच्या पहिल्या अकरा वर्षांत पुहोल्सचा तो आकडा ८५ च्या वर जातो आणि एंजल्सकडच्या सगळ्या वर्षांचा मिळून १५ देखील होत नाही. त्यात पगाराची रचना अशी होती की पहिल्या वर्षी १ कोटी २० लाख डॉलर आणि शेवटच्या वर्षी ३ कोटी. खेळ उतरत गेला आणि पगार चढत गेला. मे २०२१ मध्ये, करार संपायला काही महिने उरले असताना, एंजल्सने त्याला संघातून मोकळे केले.

एवढे वाचून कोणीही म्हणेल की हा करार म्हणजे पांढरा हत्ती पोसणे होते. मात्र तो खेळाडू असा करार का मागतो आणि त्याला तो का मिळतो, हे समजून घेतल्याशिवाय हा निकाल पुरा होत नाही. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरल्याखेरीज खेळाडूला आपला संघ निवडता येत नाही. त्यातली साधारण पहिली तीन वर्षे त्याला संघ देईल तेवढे, बहुधा किमान वेतनाच्या आसपास, घ्यावे लागते आणि पुढची तीन वर्षे लवादाच्या चौकटीत पगार ठरतो. बहुतेक मुले बावीस-चोविसाव्या वर्षी वर येतात, म्हणजे बाजारात स्वतःची किंमत मागण्याचा हक्क मिळेपर्यंत ती अठ्ठावीस ते तीस वर्षांची झालेली असतात. फलंदाजाचा बहर सव्वीस ते एकोणतीस या वयात असतो असे साधारण मानले जाते. थोडक्यात, उत्तम खेळ कमी पैशात देऊन झाल्यावर, उतार लागण्याच्या अगदी तोंडाशी, त्याच्या हातात वाटाघाटीचे पान येते. पुहोल्सने २००४ मध्ये कार्डिनल्सशी सात वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार केला होता, त्यामुळे त्याचे फार नुकसान झाले असे नाही. तरी त्या वर्षांत तो संघासाठी जे करत होता त्याच्या मानाने ती रक्कम निश्चितच कमी होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. तरुणपणीचे थकलेले पैसे म्हातारपणी मिळतात, हे म्हणणे खेळाडूच्या बाजूने न्याय्य आहे, पण देणारा संघ बहुतेक वेळा वेगळाच असतो. पुहोल्सची उत्तम वर्षे सेंट लुईसने पाहिली आणि बिल एंजल्सच्या गावच्या, अनाहाइमच्या चाहत्यांनी, निदान मनाने, भरले. तिथला एखादा चाहता सातव्या डावात पुहोल्सला पहिल्या बेसकडे लंगडत जाताना पाहून चिडला असेल, तर त्याला खेळाडूवरच्या अन्यायाचा इतिहास ऐकवून काही उपयोग नव्हता. त्याचा राग खरा होता. तो कोणावर काढावा, एवढाच प्रश्न होता, आणि माझ्या मते तो पुहोल्सवर निघायला नको होता.

वय नेमके काय हिरावून नेते तेही पाहिले पाहिजे, कारण ‘म्हातारा झाला’ या दोन शब्दांत पुष्कळ गोष्टी झाकल्या जातात. पिचरपासून (चेंडू फेकणाऱ्यापासून) होम प्लेटपर्यंतचे, म्हणजे फलंदाजाच्या जागेपर्यंतचे, अंतर ६० फूट ६ इंच आहे. ताशी ९५ मैल वेगाचा चेंडू ते अंतर सेकंदाच्या सुमारे चार दशांशांत कापतो आणि त्या अवधीत फलंदाजाने चेंडू ओळखायचा, ठरवायचे आणि बॅटही आणायची. पुहोल्सची कारकीर्द सुरू झाल्यापासून पिचरांचा सरासरी वेग सतत वाढत गेला आहे. म्हणजे ज्या वयात हात किंचित मंदावतात त्याच वयात समोरचा चेंडू अधिक वेगाने येऊ लागला. अशा वेळी फलंदाज काय करतो, तर निर्णय थोडा आधी घेऊ लागतो, आणि आधी घेतलेला निर्णय चुकण्याची शक्यता वाढते. शिस्त बिघडली असे आपण जे म्हणतो त्याच्या मुळाशी बऱ्याचदा हे असते. पुहोल्सच्या बाबतीत भर पडली ती तळपायाच्या दुखण्याची. टाचेपासून बोटांकडे जाणारा पडदा सुजणे हा त्याचा जुना आजार होता आणि २०१३ मध्ये तो फाटल्यामुळे त्याचा मोसम जुलैतच संपला. फलंदाजाची ताकद खांद्यात दिसते, पण ती जमिनीतून पायांवाटे वर येते. मागचा पाय भार घेईनासा झाला की सगळी बॅट सैल पडते. त्यानंतर त्याच्याविरुद्ध क्षेत्ररक्षण करणारे संघ डावीकडे तीन-तीन क्षेत्ररक्षक लावू लागले, आणि जे फटके एके काळी सहज निघून जात त्यावर तो धापा टाकत बाद होऊ लागला.

एक नियमही त्या वेळच्या हिशेबात होता, जो आज नाही. अमेरिकन लीगमध्ये, जिथे एंजल्स खेळतात, फक्त फलंदाजी करणारा, क्षेत्ररक्षण न करणारा एक खेळाडू ठेवता येत असे. नॅशनल लीगमध्ये ती सोय २०२२ पासून कायमची आली. २०११ साली कार्डिनल्सने पुहोल्सला दहा वर्षे दिली असती, तर त्याला एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत पहिल्या बेसवर उभे करावे लागले असते, नाहीतर बाकावर बसवावे लागले असते. एंजल्सला निदान वयस्क फलंदाज सावलीत ठेवण्याची जागा होती. त्या काळातल्या चर्चेत कार्डिनल्सच्या व्यवस्थापनाला ‘कंजूष’ म्हणणारे हा भाग सहज विसरत.

कार्डिनल्सने त्या पैशांचे काय केले हे मी नेहमी सांगते, कारण न केलेल्या करारावरूनही कराराचे वजन कळते. त्याच डिसेंबरमध्ये त्यांनी कार्लोस बेल्ट्रानला दोन वर्षांसाठी २ कोटी ६० लाख डॉलरवर घेतले. पुढच्या दीड वर्षात यष्टिरक्षक यॅडियर मोलिना आणि पिचर ॲडम वेनराइट यांचे करार वाढवले. पुहोल्स गेल्याची भरपाई म्हणून मिळालेल्या निवडीतून २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्यांनी मायकेल वाका नावाचा पिचर उचलला. २०१३ मध्ये तो बावीस वर्षांचा मुलगा नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ वर्ल्ड सिरीजला पोहोचला. २०१२ ते २०१५ अशी चारही वर्षे कार्डिनल्स बाद फेरीत होते. त्याच काळात एंजल्स फक्त एकदा, २०१४ मध्ये, बाद फेरीत गेले आणि कॅन्सस सिटीकडून सलग तीन सामने हरून परतले. पुहोल्सच्या तिथल्या सगळ्या वर्षांत तेवढीच एक संधी.

पण ते अपयश पुहोल्सच्या माथी मारणे मला पटत नाही. एंजल्सने त्याच्या पाठोपाठ, डिसेंबर २०१२ मध्ये, एकतीस वर्षांच्या जॉश हॅमिल्टनला पाच वर्षांसाठी साडेबारा कोटी डॉलर दिले आणि तिसरा मोसम सुरू होताच त्याला परत टेक्सासला धाडले. २०१९ च्या अखेरीस अँथनी रेंडनला सात वर्षांसाठी साडेचोवीस कोटी दिले. तो एकाही मोसमात ५८ पेक्षा जास्त सामने खेळू शकला नाही. माइक ट्राउटसारखा पिढीतला सर्वोत्तम खेळाडू, आणि २०१८ पासून शोहेई ओहतानीसुद्धा, घरात असताना भरवशाचे पिचर मात्र त्यांच्याकडे कधी जमले नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी एक मोठे नाव आणायचे आणि खालून येणाऱ्या तरुण खेळाडूंची फळी कोरडी ठेवायची, हा त्या संघाचा दोष होता. एक जड करार पचवता येतो. पायाभरणीऐवजी फक्त जड करारच करत राहिले तर संघ उभा राहत नाही.

याच कारणासाठी मला ‘पैसे मालकाचे आहेत, आपल्याला काय’ हे उत्तरही अपुरे वाटते. मालक अब्जाधीश असतात हे खरे आणि त्यांच्या खिशाची काळजी चाहत्याने करू नये हेही खरे. मात्र मालक वर्षाचा खर्च मनाशी ठरवून बसलेला असतो, आणि त्या ठरलेल्या रकमेतले तीन कोटी एकाच जागी अडकले की पुढच्या हंगामात ‘आता पिचरसाठी पैसे नाहीत’ हे वाक्य चाहत्याच्याच वाट्याला येते. म्हणून मालकाच्या सवयी पाहूनच करार तोलावा लागतो. जो मालक चूक झाल्यावर ती पदरात घेऊन पुढेही खर्च करतो, त्याच्या संघाने दहा वर्षांचा धोका पत्करायला हरकत नाही. जो एका चुकीनंतर पाच वर्षे तिजोरीला कुलूप लावतो, त्याच्या संघाने अंथरूण पाहूनच पाय पसरावेत.

डेट्रॉईटचे उदाहरण मला पुहोल्सच्या उदाहरणापेक्षाही जास्त शिकवून गेले. मिगेल कब्रेराने २०१२ मध्ये ट्रिपल क्राउन मिळवला, म्हणजे सरासरी, होमरन आणि धावा आत आणणे या तिन्हींत लीगमध्ये पहिला आला. १९६७ नंतर ते कोणालाही जमले नव्हते. मार्च २०१४ मध्ये त्याच्या जुन्या कराराची दोन वर्षे बाकी असतानाच डेट्रॉईटच्या टायगर्स संघाने त्याला त्यापुढची आठ वर्षे, २४ कोटी ८० लाख डॉलरची, देऊ केली. नवी आठ वर्षे सुरू झाली तेव्हा तो तेहतिशीत पोहोचणार होता. २०१६ मध्ये त्याने .३१६ आणि ३८ होमरन केले. २०१७ मध्ये सरासरी .२४९ झाली आणि पुढच्या वर्षी दंडाचा स्नायूबंध तुटला. त्या आठ वर्षांत टायगर्स एकदाही बाद फेरीत गेले नाहीत. इथे चूक वर्षांच्या संख्येपेक्षा घाईची होती. दोन वर्षे थांबले असते तर बरेच काही दिसले असते. तरीही २३ एप्रिल २०२२ रोजी त्याने आपल्या मैदानावर तीन हजारावा हिट मारला तेव्हा डेट्रॉईटकरांनी त्याला जे प्रेम दिले ते मनापासूनचे होते, आणि त्या प्रेमाला कोणत्याच ताळेबंदात रकाना नाही.

दुसऱ्या बाजूचे दाखलेही तितकेच ठळक आहेत. वॉशिंग्टनने जानेवारी २०१५ मध्ये तीस वर्षांच्या मॅक्स शेरझरला सात वर्षांसाठी २१ कोटी डॉलर दिले, त्यातली निम्मी रक्कम नंतर चुकती करण्याच्या बोलीवर. पिचरला सात वर्षे म्हणजे वेडेपणा, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले होते. त्याने तिथे दोनदा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला आणि २०१९ ला संघ अजिंक्य झाला. फ्रेडी फ्रीमनला अटलांटाने २०२२ मध्ये जाऊ दिले आणि त्याच्याऐवजी चार-साडेचार वर्षांनी लहान असलेल्या मॅट ओल्सनला आणले. फ्रीमन बत्तिसाव्या वर्षी लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे सहा वर्षांसाठी गेला आणि २०२४ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात, दुखऱ्या घोट्यावर उभा राहून, दहाव्या डावात सामना संपवणारा ग्रँड स्लॅम (चार धावांचा होमरन) मारून गेला. ओल्सननेही २०२३ मध्ये ५४ होमरन मारून अटलांटाचा विक्रम मोडला. दोन्ही संघांनी योग्य तेच केले होते, हे मान्य करायला त्या गावांतल्या चाहत्यांना वेळ लागला असला तरी.

अलीकडच्या करारांतली लांबी बऱ्याचदा दिसते तशी नसते, हेही ध्यानात घ्यावे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार देणाऱ्या संघाला लक्झरी टॅक्स भरावा लागतो आणि तो मोजताना कराराची एकूण रक्कम वर्षांनी भागून येणारी सरासरी धरतात. त्यामुळे रक्कम तीच ठेवून वर्षे वाढवली की दरवर्षीचा भार कमी दिसतो. डिसेंबर २०२२ मध्ये तीस वर्षांच्या झँडर बोगार्ट्सला सॅन डिएगोने अकरा वर्षांसाठी २८ कोटी आणि ट्रे टर्नरला फिलाडेल्फियाने अकरा वर्षांसाठी ३० कोटी डॉलर दिले ते याच हिशेबाने. चाळिशीतला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) चपळाईने चेंडू अडवेल असे त्या संघांनाही वाटत नाही. त्यांनी सात-आठ वर्षांचे पैसे अकरा वर्षांवर पसरले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा ‘२०३३ मध्ये आपण एका म्हाताऱ्याला अडीच कोटी देत असू’ ही तक्रार आकड्याने बरोबर असली तरी अर्थाने चुकीची आहे. न्यूयॉर्कच्या यँकीजने त्याच महिन्यात ॲरन जजला नऊ वर्षांसाठी ३६ कोटी दिले. त्याने २०२४ आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आहे. २०३१ मध्ये तो एकोणचाळिसाव्या वर्षी कसा खेळतो यावरून तो करार ठरवणारे आजच चुकत आहेत असे मला वाटते.

जून २०१९ मध्ये पुहोल्स एंजल्सच्या गणवेशात पहिल्यांदा आमच्या बुश स्टेडियमवर खेळायला आला. तो फलंदाजीला निघाला तेव्हा सगळे मैदान उभे राहिले. मोलिना यष्टिरक्षकाच्या जागेवरून पुढे आला, त्याने मुखवटा वर केला आणि पुहोल्सला मिठी मारली. टाळ्या थांबेनात म्हणून खेळ थांबला. आठ वर्षांपूर्वी त्याच्या नावाचे शर्ट कपाटाच्या तळाशी टाकणारी माणसे ते पुन्हा घालून आली होती. दुसऱ्या दिवशी त्याने आमच्याविरुद्ध होमरन मारला आणि त्यासाठीही मैदान उठून उभे राहिले. कार्डिनल्सने त्याला जाऊ दिले हे योग्य होते, असे मानणारेही त्या गर्दीत उभे होते, मी त्यांच्यातलीच. २०२२ मध्ये तो २५ लाख डॉलरच्या एका वर्षाच्या करारावर परत आला, त्याच वर्षी आलेल्या नव्या नियमामुळे त्याला क्षेत्ररक्षणाची फारशी सक्ती उरली नव्हती, आणि बेचाळिसाव्या वर्षी २४ होमरन मारून त्याने कारकीर्द ७०३ वर थांबवली.

मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. मालकांच्या बाजूने खर्चाला वरून मर्यादा घालण्याची भाषा होते आहे आणि दीर्घ करारांना कंटाळलेल्या कित्येक चाहत्यांना ती गोड वाटते. मला ती पटत नाही, कारण मर्यादा आली तरी चोवीस वर्षांच्या मुलाला त्याच्या खेळाच्या प्रमाणात पैसे मिळण्याची हमी त्यात नाही. २०२२ च्या करारात तरुण खेळाडूंसाठी ५ कोटी डॉलरचा बोनस निधी ठेवला गेला, किमान वेतनही ७ लाख डॉलरवर गेले. पाऊल योग्य दिशेचे होते, पण लहान होते. सहा वर्षांची अट चार किंवा पाचावर आणावी आणि लवादाचा टप्पा आधी सुरू करावा. सत्ताविसाव्या वर्षी मोकळा झालेला खेळाडू आपल्या बहराची किंमत बहरातच मागेल, आणि बत्तिसाव्या वर्षी त्याला दहा वर्षे मागण्याचे तेवढे कारण उरणार नाही.